शिवपूरचा ललित आणि हॉकीचे दुसरे दार

उपेक्षित खेळाडूची गोष्ट सांगण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. बेताची परिस्थिती, उसनी स्टिक, तोंड फिरवणारी निवड समिती, मग काही वर्षांची तपश्चर्या आणि शेवटी गळ्यात पदक. वाचणारा सुखावतो, कारण गुण असले की ते कधी ना कधी वर येतातच, असा दिलासा त्यातून मिळतो. बनारसच्या ललित उपाध्यायची कारकीर्द वरवर पाहता याच साच्यात बसते. चौदाव्या वर्षी, स्वतःचा काही दोष नसताना, देशातल्या सर्वांत मोठ्या हॉकी प्रकरणात त्याचे नाव आले. सत्ताविसाव्या वर्षी टोकियोत आणि तिसाव्या वर्षी पॅरिसमध्ये त्याने ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले. मधली तेरा वर्षे नीट तपासली, तर मात्र त्या दिलाशाला फारसा आधार सापडत नाही. ललित वाचला तो केवळ गुणांवर नव्हे. राष्ट्रीय संघटनेचे दार त्याच्यासाठी बंद झाले, तेव्हा त्या संघटनेच्या हातात नसलेले आणखी एक दार उघडे होते, म्हणून तो वाचला. ते दार कोणी उघडले आणि ते आज कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न मला त्याच्या पदकांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या काशीला जातो. घाट पाहतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो, जमलेच तर पंचक्रोशी करतो. त्या पंचक्रोशीच्या वाटेवर कर्दमेश्वर, भीमचंडी आणि रामेश्वरनंतर शिवपूरचा मुक्काम लागतो. त्याच शिवपूर भागातल्या भगतपूरचा हा मुलगा. वडिलांचे कपड्यांचे छोटे दुकान, मोठा भाऊही हॉकी खेळणारा. बनारसला कुस्तीचे आखाडे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते. पण या शहराने हॉकीचे ऑलिम्पिकपटू घडवले आहेत, हे यात्रेकरूंच्याच काय, क्रीडारसिकांच्याही फारसे ध्यानात नसते. मोहम्मद शाहिद १९८०, १९८४ आणि १९८८ अशी तीन ऑलिम्पिक खेळला. विवेक सिंह १९८८ मध्ये सोलला गेला आणि त्याचा भाऊ राहुल १९९६ मध्ये अटलांटाला. त्यानंतर पंचवीस वर्षे या शहरातून एकही जण ऑलिम्पिकच्या हॉकी संघात पोचला नाही. पंचवीस वर्षे बनारसच्या मुलांना खेळता येत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे खोट मुलांत नव्हती, वाटेत होती.

शाहिदची वाट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. १४ एप्रिल १९६० चा जन्म. बनारसहून लखनौच्या क्रीडा वसतिगृहात, १९७९ मध्ये कनिष्ठ विश्वचषकासाठी फ्रान्सला आणि वर्षभरात थेट मॉस्को. २९ जुलै १९८० च्या अंतिम सामन्यात भारताने स्पेनला ४-३ असे हरवले. त्यात सुरिंदर सिंह सोढीचे दोन गोल, एम. के. कौशिकचा एक आणि विशीतल्या शाहिदचा एक. पाकिस्तान, नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया हे संघ बहिष्कारामुळे आले नव्हते, हे खरेच आहे. पण शाहिदचा खेळ पाहणाऱ्याला त्याची थोरवी पदकावरून मोजायची गरज पडली नाही. चेंडू स्टिकला चिकटलेला, शरीर एका बाजूला कललेले, आणि बचावपटूने पाय टाकला की चेंडू नेमका दुसऱ्या बाजूने पुढे. पूर्ण फटका नाही आणि नुसते ढकलणेही नाही, अशी दोहोंच्या मधली एक चाल त्याने स्वतःची करून घेतली होती. डावीकडच्या जफर इक्बालशी त्याचा मेळ असा होता की एकाने मान वर न करता दुसऱ्याला चेंडू द्यावा. १९८१ च्या सुमारास अर्जुन पुरस्कार, १९८६ मध्ये पद्मश्री आणि बनारसच्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यात नोकरी. २० जुलै २०१६ रोजी तो छप्पन्नाव्या वर्षी गेला. त्याच्या नावाचे कृत्रिम मैदान लखनौमध्ये आहे. असे मान मिळण्याचे ठिकाण राजधानीतच असते, एवढी नोंद करून पुढे जाऊ.

शाहिद विसाव्या वर्षी ऑलिम्पिक खेळला, ललित सत्ताविसाव्या. दोघे एकाच शहराचे आणि दोघांचीही ओळख चेंडूवरच्या हुकमतीची. तरीही त्यांच्यात सात वर्षांचे अंतर पडले. ते सगळे एका प्रकरणाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण मधल्या काळात हॉकीच बदलली. गवत जाऊन १९७६ पासून ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम मैदान आले. नजाकतीपेक्षा धाव आणि दम यांना भाव आला, आणि गवतावर शिकलेल्या मुलाला टर्फवर पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागू लागले. बनारसला ही अडचण कायम भोवली. उदय प्रताप कॉलेजच्या मैदानावर परमानंद मिश्र यांच्यासारखे प्रशिक्षक मुलांना घडवत राहिले, आणि ललितही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. पण मैदानावर घडणे वेगळे आणि निवडले जाणे वेगळे. या दोन गोष्टींच्या मध्ये जे बसले होते, त्यांचे नाव भारतीय हॉकी महासंघ.

२००८ चे वर्ष या महासंघाला जड गेले. ९ मार्च रोजी चिलीतल्या सँटियागोमध्ये पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रिटनने भारताला २-० असे हरवले. १९२८ पासून एकही ऑलिम्पिक न चुकवलेला भारत बीजिंगला जाणार नव्हता. प्रशिक्षक होते मुंबईचे जोकिम कार्व्हालो, त्यांनी राजीनामा दिला. महासंघाचे अध्यक्ष के. पी. एस. गिल आणि सरचिटणीस के. ज्योतीकुमारन जागचे हलले नाहीत. मग एप्रिलमध्ये ‘आज तक’ वाहिनीने छुप्या चित्रणाचा कार्यक्रम दाखवला. प्रायोजकाचे प्रतिनिधी बनून गेलेल्या पत्रकारांनी एका खेळाडूला भारतीय संघात घेण्यासाठी सरचिटणीसांपुढे पैसे ठेवले आणि ते घेतले गेल्याचे देशाने पाहिले. ही लाच नव्हती, असे ज्योतीकुमारन म्हणत राहिले, पण पद त्यांना सोडावे लागले. २८ एप्रिल रोजी भारतीय ऑलिम्पिक संघटनेने महासंघालाच निलंबित केले आणि अस्लम शेर खान यांच्या अध्यक्षतेखाली माजी खेळाडूंची समिती नेमली. त्या समितीत खडकीचा धनराज पिल्ले होता. पुढच्या कथेसाठी हे लक्षात ठेवावे लागेल.

ज्या खेळाडूच्या नावावर हा सौदा झाला, तो ललित. त्याची पंधरा वर्षेही भरली नव्हती. आपल्या नावावर काय चालले आहे याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे त्याने नंतर अनेकदा सांगितले आहे, आणि त्यावर अविश्वास ठेवायला काही कारण दिसत नाही. त्या कार्यक्रमाने महासंघाचा कारभार उघडा पाडला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण आमिष म्हणून एका शाळकरी मुलाचे नाव वापरले गेले आणि त्या मुलाचे पुढे काय होईल याचा विचार झाल्याचे दिसत नाही, हेही सांगायला हवे. बड्यांच्या भांडणात पदे जातात, ती पुन्हा मिळतातही. मुलाच्या बाबतीत जाते ती पत. निवड समितीला खेळाडू नाकारण्याचे कारण द्यावे लागत नाही, शिबिराच्या यादीत नाव नसले की पुरे. गल्लीतल्या टोमण्यांना तर कोणतीच समिती लागत नाही. ललितने या काळात हॉकी सोडण्याचा विचार केला होता. त्याने ती सोडली असती, तर आपल्याला कळलेही नसते, आणि ‘गुण वर येतातच’ या म्हणण्यातली खरी अडचण हीच आहे. जे वर आले नाहीत, त्यांची नावे मोजणीत धरलीच जात नाहीत.

त्याने सोडली नाही, कारण धनराज पिल्लेने त्याला एअर इंडियाकडे ओढून घेतले. हा योगायोग नव्हता असे मला वाटते, आणि त्यासाठी धनराजचा स्वतःचा इतिहास पाहायला हवा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिका बांधून खेळायला शिकलेला हा मुलगा. मोठा भाऊ रमेश मुंबईत खेळत होता, म्हणून तो मुंबईत आला. तिथल्या कंपन्यांच्या संघांनी त्याला जागा दिली आणि पुढे इंडियन एअरलाइन्सने नोकरी. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेल्या या खेळाडूलाही महासंघाने सोडले नाही. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले. परत आल्यावर विजयी संघातल्या धनराजसह अनेकांना विश्रांतीचे कारण सांगून वगळण्यात आले. मानधनासाठी तोंड उघडल्याची ही शिक्षा आहे, असेच तेव्हा सर्वांना वाटले. तरी धनराज टिकला, कारण त्याची चूल महासंघाच्या मर्जीवर पेटत नव्हती. विमान कंपनीचा पगार चालू होता आणि देशातल्या स्पर्धांत कंपनीचा संघ उतरत होता. ज्याने हे स्वतः भोगले आणि त्यातून जो तगला, त्याला बनारसच्या पोराला नेमके काय हवे आहे हे सांगावे लागले नसणार. त्याला सहानुभूती नको होती. खेळायला संघ, राहायला जागा आणि महिन्याला हातात पडणारे पैसे हवे होते.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. हा वशिला नव्हे काय? एका मोठ्या खेळाडूने शब्द टाकला आणि एका मुलाला जागा मिळाली. महासंघात पैसा चालत होता, इथे ओळख चालली. मग फरक कुठे राहिला? फरक आहे, आणि तो नीतीचा कमी, व्यवस्थेचा जास्त आहे. महासंघातल्या सौद्यात पैशाने विकत मिळत होते ते थेट भारतीय संघातले स्थान, म्हणजे परीक्षेचा निकालच. धनराजच्या शब्दाने मिळाली ती परीक्षेला बसण्याची मुभा. एअर इंडियाचा संघ मुंबई सुवर्णचषकात, कोलकात्याच्या बेटन चषकात, राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचा. समोर रेल्वे, इंडियन ऑइल, पंजाब पोलीस, सेनादल, सगळे देशासाठी खेळलेले गडी. तिथे चर्चगेटच्या मैदानावर कठड्याला टेकलेला जुना प्रेक्षकही सांगतो की पोरगा चालणारा आहे की नाही. शिफारशीने आत आलेला कच्चा खेळाडू दोन मोसमांत उघडा पडतो. दुसरे असे, की धनराजचा शब्द चुकला असता, तरी रेल्वेचा किंवा तेल कंपनीचा संघ आपल्या मताने चालणारच होता. वशिला घातक ठरतो तो एकच खिडकी असते आणि तिच्यावर एकच माणूस बसलेला असतो तेव्हा.

दुसरा आक्षेप सुधारणांच्या बाजूने येतो. महासंघ गेला, २००९ मध्ये हॉकी इंडिया आली, परदेशी प्रशिक्षक आले, २०१३ पासून हॉकी इंडिया लीग सुरू झाली, २०१८ पासून ओडिशा सरकार प्रायोजक म्हणून उभे राहिले. ललितला मोठे केले ते या नव्या घडीने, जुन्या सरकारी नोकऱ्यांनी नव्हे, असे कोणी म्हणेल. यातले निम्मे मान्य करायला हवे. लीगमध्ये तो कलिंगा लान्सर्सकडून खेळला. परदेशी खेळाडूंच्या बरोबरीने खेळण्याचा त्याला फायदा झाला, आणि टोकियोच्या संघाचा दम हा त्या वर्षांतल्या शास्त्रशुद्ध तयारीचाच परिणाम होता. पण काळाचा क्रम विसरता येत नाही. नवी घडी बसायला वर्षे लागली. जुना महासंघ आणि हॉकी इंडिया यांच्यात अधिकृत कोण यावर वाद चालू राहिला. २०१२ मध्ये त्या वादातून समांतर स्पर्धा भरवण्यापर्यंत मजल गेली. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत एकही सामना न जिंकता बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. ललितची चौदा ते एकोणीस ही घडण्याची वर्षे नेमकी या गोंधळात गेली. त्या पाच वर्षांत त्याला सांभाळले ते एअर इंडियाने. सुधारणेने त्याला वर नेले हे खरे, पण ती येईपर्यंत तो खेळत असणे आवश्यक होते.

तिसऱ्या आक्षेपाला उत्तर खुद्द त्याच्या कारकिर्दीत आहे. खरा गुणी खेळाडू एकदा दिसला की थांबवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी २०१४ नंतरची त्याची वर्षे पाहावीत. हेगच्या विश्वचषकात त्याला भारताची जर्सी मिळाली, भारत नववा आला. त्याच वर्षी इंचॉनमध्ये आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघात तो नव्हता. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या सोळा जणांतही नव्हता. म्हणजे दिसल्यावरही दोनदा मोठी संधी हुकली, आणि या वेळी त्यामागे कोणताही घोटाळा नव्हता. समितीला दुसरे खेळाडू बरे वाटले, एवढेच. अशी उपेक्षा रोजची असते, आणि तिच्यातून तरण्यासाठी खेळाडूला नुसती जिद्द पुरत नाही. पुढच्या शिबिरापर्यंत पोट भरावे लागते. ललितने ती दोन-तीन वर्षे काढली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ढाक्याच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात मलेशियावरच्या २-१ विजयात दुसरा गोल केला. डिसेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या विश्वचषकात कॅनडाविरुद्ध शेवटच्या सत्रात दोन गोल केले. या काळात त्याचा खेळही बदलला होता. तो नुसता गोलच्या तोंडाशी थांबणारा फॉरवर्ड राहिला नाही. मागे येऊन चेंडू घ्यायचा, एक-दोघांना अंगावर ओढायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्याला पाठवायचे, हे काम तो करू लागला. अशा खेळाडूचे नाव गोलफलकावर कमी झळकते. म्हणूनच समित्यांना त्याची किंमत उशिरा कळते, असा माझा अंदाज आहे.

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत भारताने १-३ अशी पिछाडी भरून काढत जर्मनीला ५-४ असे हरवले आणि मॉस्कोनंतर एक्केचाळीस वर्षांनी हॉकीचे पदक घरी आले. मॉस्कोच्या संघात बनारसचा एक होता, टोकियोच्याही संघात बनारसचा एक होता. त्याच वर्षी ललितला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये हांगझोऊला त्याने आशियाई सुवर्णही जिंकले. तरी त्याच्या खेळाचा कस पाहायचा असेल, तर मी पॅरिसचा ४ ऑगस्ट २०२४ चा दिवस निवडेन. उपांत्यपूर्व फेरीत समोर ब्रिटन, तेच ज्यांनी सँटियागोत दार लावले होते. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेली जवळजवळ त्रेचाळीस मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला आणि सामना १-१ असा सुटला. मग शूटआउट. तेवीस मीटरच्या रेषेवर चेंडू, समोर एकटा गोलरक्षक आणि हातात आठ सेकंद. या वेळात चेंडू नेऊन, गोलरक्षकाला हलवून, गोल करायचा. हरमनप्रीत आणि सुखजीत यांनी गोल केले, ब्रिटनचेही पहिले दोन झाले. ब्रिटनचा तिसरा हुकला. भारताकडून तिसरा आला ललित, आणि त्याने चूक केली नाही. ३-२. ब्रिटनचा चौथा गोलरक्षक श्रीजेशने अडवला. भारताकडून चौथा आला राजकुमार पाल आणि सामना संपला. राजकुमार हा बनारसशेजारच्या गाझीपूर जिल्ह्यातल्या करमपूर गावचा, तेजबहादूर सिंह यांनी खेड्यात उभारलेल्या मेघबरन सिंह मैदानावर घडलेला. हे मैदान कोणत्याही महासंघाने बांधले नव्हते. निर्णायक दोन गोल पूर्वांचलच्या दोन पोरांचे, आणि दोघेही आडवाटेने आलेले. चार दिवसांनी स्पेनला २-१ असे हरवून दुसरे कांस्यही मिळाले.

जून २०२५ मध्ये ललित आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर १८३ सामने आणि ६७ गोल होते. उत्तर प्रदेश पोलिसांत तो उपअधीक्षक आहे. त्याची गोष्ट आता शाळांतून सांगितली जाईल आणि त्यात जिद्दीवर भर असेल. असावाच. पण मुंबई-पुण्याच्या वाचकाने तिच्यातला दुसरा भाग विसरू नये, कारण तो आपल्या अंगणात घडला आहे. धनराजला खडकीहून उचलणारे कंपन्यांचे संघ मुंबईचे होते आणि बनारसच्या ललितला सावरणारा माणूस खडकीचा होता. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे गेली. खासगी झालेल्या कंपनीने तोट्यात खेळाडू पोसावेत अशी सक्ती कोणी करणार नाही. मुंबईच्या कंपन्यांचे हॉकी संघही एकेक करून आटत गेले आहेत. लीगमध्ये तयार खेळाडूंना चांगला पैसा मिळतो, पण चौदाव्या वर्षी नाव खराब झालेल्या मुलाला लीग विकत घेत नाही. महाराष्ट्रात ज्यांच्या हातात कारखाने, बँका आणि तेल कंपन्यांची कार्यालये आहेत, त्यांनी दहा-बारा मानधनावरच्या जागांचा एक संघ पुन्हा उभा करावा आणि त्यात परराज्यातला अनोळखी पोरगा आला तरी त्याला खेळवावे. एखाद्या मध्यम कंपनीच्या जाहिरातीच्या वार्षिक खर्चापुढे त्याला लागणारी रक्कम किरकोळ आहे.